काळ, अंतर आणि वेग : मद्रासचे तीन प्रयोग

मराठी शाळेच्या पायरीवर बसून ज्याने अंकगणित गिरवले, त्याला 'काळ, काम आणि वेग' हे तीन शब्द विसरता येत नाहीत. अपूर्णांक आणि त्रैराशिक यांचे घाट चढून विद्यार्थी जरा विसावतो, तोच ही उदाहरणे समोर उभी राहतात. एक गाडी एका गावाहून निघते, दुसरी दुसऱ्या गावाहून निघते. दोघींचे वेग दिलेले असतात, दोन गावांमधले अंतर दिलेले असते, आणि त्या कोठे व केव्हा भेटतील एवढेच सांगावयाचे असते. या गाड्या वाटेत कोठे थांबत नाहीत, त्यांना चढ लागत नाही आणि त्यांच्या इंजिनात पाणीही भरावे लागत नाही. पाटीवरच्या जगात अशी सोय असते. उदाहरण घालणाऱ्याने तीन राशींपैकी दोन आयत्या हाती ठेवलेल्या असतात. तिसरी काढण्यापुरतीच विद्यार्थ्याची मेहनत.

परंतु ज्या दोन राशी आयत्या मिळतात, त्या प्रथम कोणी तरी मोजलेल्या असतात. अंतर मोजण्यासाठी कोणी तरी उन्हात साखळी ओढलेली असते. काळ मोजण्यासाठी रात्र रात्र आकाशाकडे डोळे लावून बसलेला असतो. या मापनांचा इतिहास शाळेच्या पुस्तकात सहसा येत नाही. तो एकाच शहराच्या परिसरात पाहावयाचा असेल, तर चेन्नई, म्हणजे पूर्वीचे मद्रास, याच्याकडे वळावे. १७९२ ते १८२१ या तीस वर्षांत या शहरात काळ, अंतर आणि वेग या तिन्ही राशींवर असे काम झाले की, त्याची नोंद विज्ञानाच्या इतिहासाला घ्यावी लागली. आणि त्या कामाचे पडसाद पुढे थेट मुंबईच्या रस्त्यांवर उमटले.

गतीचे गणित आपल्या देशाला नवे नव्हते. इसवी सन ४९९ च्या सुमारास आर्यभटाने 'आर्यभटीया'त दोन चल वस्तूंच्या भेटीचा नियम दिला आहे. वस्तू परस्परांकडे येत असतील तर अंतराला वेगांच्या बेरजेने भागावे, एकाच दिशेने जात असतील तर वजाबाकीने भागावे; म्हणजे भेटीचा काळ मिळतो. त्याच्या मनात आगगाड्या नव्हत्या, ग्रह होते. पण आजचा विद्यार्थी जी रीत वापरतो ती हीच. ११५० मध्ये भास्कराचार्यांनी 'लीलावती' रचली. तीत एका राजाचे उदाहरण आहे. शत्रूचे हत्ती हस्तगत करण्यासाठी तो पहिल्या दिवशी दोन योजने चालतो, पुढे रोज सारख्याच प्रमाणात चाल वाढवितो आणि सात दिवसांत ऐंशी योजने मजल मारतो. तर रोजची वाढ किती? उत्तर येते बावीस सप्तमांश योजने. नऊ हात उंच खांबावरचा मोर आणि सत्तावीस हातांवरून खांबाच्या पायथ्याच्या बिळाकडे येणारा साप यांचेही उदाहरण तेथेच आहे. दोघांची चाल सारखी, तर मोर सापावर कोठे झडप घालील? बिळापासून बारा हातांवर. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावाजवळ पाटण येथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आपल्या आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचे त्यात कोरले आहे. गणिताच्या अभ्यासासाठी मठ स्थापन व्हावा आणि त्याची नोंद दगडावर राहावी, ही महाराष्ट्राला अभिमान वाटण्यासारखी गोष्ट आहे.

तथापि या उदाहरणांत योजन किती लांबीचे आणि घटका किती काटेकोर, याची चिकित्सा करण्याचे कारण नव्हते. अठराव्या शतकाच्या अखेरीस ते कारण समुद्रमार्गे आले.

मद्रासला त्या काळी बंदर असे नव्हतेच. जहाजे उघड्या समुद्रात नांगर टाकून उभी राहत आणि माणसे व माल लाटांवरून लहान होड्यांनी किनाऱ्याला येत. चोळमंडलाचा हा किनारा सखल आणि वादळी. आपण किती पूर्वेला आहोत हे खलाशाला नेमके ठाऊक नसेल, तर अंधारात जहाज वाळूत रुतण्याला वेळ लागत नसे. किती उत्तरेला आहोत हे ध्रुवताऱ्याच्या किंवा मध्यान्हीच्या सूर्याच्या उंचीवरून कळते. किती पूर्वेला आहोत हे मात्र केवळ घड्याळ सांगू शकते. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटे लागतात. दोन ठिकाणांच्या स्थानिक वेळांत जेवढा फरक, तेवढाच त्यांच्या रेखांशांत फरक. मद्रासच्या अक्षांशावर घड्याळातील एका मिनिटाची चूक म्हणजे नकाशावर सुमारे सत्तावीस किलोमीटरांची चूक होते. काळ आणि अंतर यांचे नाते असे जिवावरचे होते.

ईस्ट इंडिया कंपनीतील एक अधिकारी विल्यम पेट्री याने १७८६ मध्ये मद्रासच्या एग्मोर भागात स्वतःच्या हौसेने एक छोटी वेधशाळा थाटली. पुढे तिची उपकरणे कंपनीकडे आली आणि १७९२ मध्ये नुंगमबाक्कम येथे मायकेल टॉपिंग याच्या देखरेखीखाली वेधशाळेची इमारत उभी राहिली. तिच्या मध्यभागी ग्रॅनाइटचा एक प्रचंड स्तंभ रोवला होता. तारे याम्योत्तर वृत्त ओलांडतात तो क्षण टिपणारी दुर्बीण या स्तंभावर बसविली होती. कारण दुर्बीण यत्किंचित हलली तरी काळ चुकतो. स्तंभावर लॅटिन, तमिळ, तेलुगू आणि हिंदुस्थानी अशा भाषांत लेख कोरले आहेत.

टॉपिंगनंतर वेधशाळेची सूत्रे जॉन गोल्डिंगहॅम याच्याकडे आली. मद्रासचा रेखांश ठरविण्यासाठी त्याने गुरूच्या चंद्रांची ग्रहणे पाहिली. गुरूचा एखादा चंद्र छायेत शिरतो तो क्षण साऱ्या पृथ्वीवर एकच असतो. तो क्षण मद्रासच्या घड्याळात किती वाजता आला आणि ग्रिनिचच्या घड्याळात किती वाजता आला, यांची वजाबाकी केली की दोन शहरांमधला काळाचा फरक मिळतो. अशा वेधांच्या सरासरीवरून मद्रासची वेळ ग्रिनिचच्या सुमारे ५ तास २१ मिनिटे पुढे असल्याचे ठरले. ही 'मद्रास वेळ' पुढे फार मोठी कामगिरी बजावणार होती.

काळ असा आकाशातून उतरविला गेला. अंतर मात्र जमिनीवरच मोजावे लागते. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले, टिपू सुलतान कामी आला आणि दक्षिणेतला फार मोठा मुलूख कंपनीच्या हाती किंवा वर्चस्वाखाली आला. सैन्य नेण्यासाठी आणि सारा बसविण्यासाठी त्या मुलखाचा खरा नकाशा हवा होता. या निकडीचा लाभ घेऊन विल्यम लॅम्ब्टन या सैनिकी अधिकाऱ्याने आपली महत्त्वाकांक्षा पुढे मांडली. नकाशा तर करावयाचाच, पण त्याबरोबर पृथ्वीच्या आकाराचेही माप घ्यावयाचे, असा त्याचा संकल्प होता. १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासच्या दक्षिणेस सेंट थॉमस माउंट या टेकडीजवळ त्याने आधाररेषेच्या मापनाला आरंभ केला.

त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन ठाऊक असतील तर बाकीच्या बाजू गणिताने निघतात. म्हणून एक बाजू तेवढी प्रत्यक्ष मोजावी आणि पुढे कोनांच्या आधारे त्रिकोणामागून त्रिकोण जोडीत देश आक्रमावा, अशी ही पद्धत. पहिली बाजू चुकली तर पुढचे सारे त्रिकोण चुकणार. लॅम्ब्टनची पोलादी साखळी शंभर फुटांची होती. अडीच फुटांच्या चाळीस कड्यांची. उन्हाने पोलाद वाढते, म्हणून साखळी उघडी जमिनीवर न टाकता पेट्यांच्या रांगेत ठेवून वर तंबूची सावली धरावी लागे आणि तापमापकावर सतत नजर ठेवावी लागे. साडेसात मैलांची ही रेषा मोजण्यास ५७ दिवस लागले. पाटीवरच्या रीतीने भागाकार केला तर या कामाचा वेग दिवसाला सुमारे सातशे फूट पडतो. कोणीही माणूस जेवढे अंतर तीन-चार मिनिटांत चालून जाईल, तेवढ्यासाठी कितीतरी माणसांचा एक अख्खा दिवस खर्ची पडत होता. ती माणसे कोण होती, त्यांची नावे काय होती, हे इतिहासाने फारसे जपून ठेवले नाही.

याच मोजणीचा एक धागा मराठ्यांच्या तंजावरपर्यंत जातो. १८०८ मध्ये, शरफोजी राजे गादीवर असताना, लॅम्ब्टनचा अर्ध्या टनाचा कोनमापक थिओडोलाइट तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरावर चढविण्यात येत होता. दोर तुटला, यंत्र मंदिराच्या भिंतीवर आदळले आणि त्याचे वर्तुळ वाकले. लॅम्ब्टनने तंबूत बसून कित्येक आठवडे स्वतःच्या हाताने ते सरळ केले आणि काम पुढे चालू ठेवले. ही मोजणी उत्तरेकडे सरकत महाराष्ट्रात आली. नागपूरकडे जात असताना जानेवारी १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्याला मृत्यूने गाठले. मद्रासच्या टेकडीपाशी ज्याने पहिली साखळी टाकली, त्याची समाधी आज हिंगणघाटात आहे. जिला पुढे 'महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण' हे नाव मिळाले, ती मोजणी त्याच्यानंतर हिमालयापर्यंत गेली.

तिसरी राशी राहिली ती वेगाची, आणि तिचा प्रयोग तर शाळेच्या उदाहरणासारखाच सुटसुटीत आहे. मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्यावरून आणि सेंट थॉमस माउंटच्या तोफखान्यातून ठरलेल्या वेळी तोफ डागली जात असे. शहरातील लोक तोफेच्या आवाजावर आपले व्यवहार बेतीत. वेधशाळा या दोहोंच्या मध्ये होती. किल्ला तिच्यापासून पूर्वेला सुमारे १३,९०० फुटांवर, तर माउंट नैर्ऋत्येला सुमारे २९,५०० फुटांवर. गोल्डिंगहॅमच्या ध्यानात आले की, रोज आपोआप होणारी ही तोफांची सरबत्ती म्हणजे फुकट मिळणारा प्रयोग आहे. तोफेचा लखलखाट दिसताच काळ मोजण्यास आरंभ करावा आणि आवाज कानी पडताच थांबवावा. प्रकाशाला हे अंतर कापण्यास लागणारा काळ इतका थोडा की तो शून्य धरण्यास हरकत नाही. अंतराला काळाने भागले की ध्वनीचा वेग हाती येतो. १८२० आणि १८२१ या वर्षांत त्याने असे शेकडो वेध नोंदविले आणि त्यांचा वृत्तांत १८२३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला.

या प्रयोगाचे महत्त्व समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. ध्वनीचा वेग केवळ तर्काने काढण्याचा पहिला मोठा प्रयत्न न्यूटनचा. त्याच्या सूत्राने सेकंदाला सुमारे ९७९ फूट हे उत्तर आले. परंतु विल्यम डेरहम याने १७०९ मध्ये इंग्लंडात तोफांच्याच साहाय्याने काढलेला वेग १,१४२ फूट होता. एवढ्या थोर गणितज्ञाचे उत्तर प्रत्यक्षापेक्षा सातव्या हिश्श्याने कमी भरावे, हे कोडे शंभर वर्षे सुटले नाही. ध्वनीची लहर जाताना हवा क्षणोक्षणी दाबली जाते व त्यामुळे तापते. या उष्णतेचा हिशेब न्यूटनने धरला नव्हता. तो धरून लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने १८१६ मध्ये सूत्र दुरुस्त केले, तेव्हा मेळ बसला. अशा वेळी उष्ण कटिबंधातील हवेत, वर्षभराच्या सर्व ऋतूंत घेतलेली मापे मद्रासहून यावीत, याचे मोल अर्थातच मोठे होते.

आता या वेधांतील एक बारकावा पाहण्यासारखा आहे. माउंटच्या तोफेचा आवाज वेधशाळेत पोहोचण्यास सुमारे २६ सेकंद लागत, किल्ल्याच्या तोफेला १२ सेकंदांहून थोडे अधिक. समजा, निरीक्षकाच्या हातून अर्ध्या सेकंदाची चूक झाली. सव्वीस सेकंदांत अर्धा सेकंद म्हणजे जेमतेम दोन टक्के. काढलेला वेग बावीस-तेवीस फुटांनी चुकेल. बारा सेकंदांत तोच अर्धा सेकंद चार टक्के होतो आणि चूक पंचेचाळीस फुटांच्या पुढे जाते. चूक तीच, पण लहान अंतरावर ती दुप्पट जाचते. म्हणून मोजणारा नेहमी लांबचे अंतर पसंत करतो आणि एका वेधावर न विसंबता शेकडो वेधांची सरासरी घेतो. पाटीवरच्या उदाहरणात ही अडचण कधी येत नाही, कारण तेथे कोणाचाच हात थरथरत नाही.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म होती. महिन्यामहिन्यांच्या सरासरी मांडल्या, तेव्हा डिसेंबरात वेग सेकंदाला सुमारे १,१०० फूट आणि जुलैत सुमारे १,१६४ फूट आढळला. हा फरक उष्णतेचा म्हणावा, तर हवा एक अंश फॅरनहाइटने तापल्यास ध्वनीचा वेग फूटभराहून थोडासाच वाढतो. मद्रासच्या थंड आणि कडक महिन्यांच्या सरासरीत नऊ-दहा अंशांचे अंतर. त्यातून दहा-अकरा फुटांचा हिशेब लागतो, साठ-पासष्टांचा नाही. शिवाय मद्रासचा सर्वांत तप्त महिना मे, आणि वेग सर्वाधिक आढळला तो जुलैत. गोल्डिंगहॅमने काही वाटा वायुभाराकडे लावला होता. पण नुसत्या वायुभाराने ध्वनीचा वेग बदलत नाही, हे आज ठाऊक आहे. जुलैत वारा नैर्ऋत्येचा, म्हणजे माउंटकडून वेधशाळेकडे वाहणारा, आणि डिसेंबरात ईशान्येचा, म्हणजे त्याच्या उलट. माउंटच्या तोफेचा आवाज पावसाळ्यात वाऱ्यावर स्वार होऊन येतो आणि हिवाळ्यात वाऱ्याला तोंड देत येतो. नावेचे आणि प्रवाहाचे जे उदाहरण मुलांना घालतात, तेच हे. नदीच्या जागी हवा आणि नावेच्या जागी आवाज. त्या फरकात वाऱ्याचा वाटा मोठा असला पाहिजे, असे आजच्या ज्ञानाच्या आधारे म्हणता येते.

यावर उपायही त्या उदाहरणातच आहे. प्रवाहाबरोबरचा वेग आणि प्रवाहाविरुद्धचा वेग यांची सरासरी केली की प्रवाह गळून पडतो आणि नावेचा स्वतःचा वेग उरतो. १८२२ मध्ये पॅरिसजवळ आरागो, गे-ल्युसाक, हम्बोल्ट प्रभृतींनी हेच केले. दोन ठिकाणी तोफा ठेवल्या, दोहोंकडून आलटून पालटून डागल्या आणि जाता-येता काळ मोजून वाऱ्याचा परिणाम काढून टाकला. मद्रासच्या प्रयोगात आवाज एकाच दिशेने येत होता. तरीही वर्षभर चिकाटीने नोंदलेल्या आकड्यांतून वारा स्वतःची साक्ष ठेवून गेला. जो प्रामाणिकपणे मोजतो, त्याचे आकडे त्याला स्वतःला न उमगलेली गोष्टही पुढच्या पिढीला सांगतात.

यानंतर तीस-चाळीस वर्षांत आगगाडी आली आणि काळ, अंतर व वेग यांचे गणित विद्वानांच्या वेधशाळेतून तिसऱ्या वर्गाच्या डब्यात जाऊन बसले. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी धावली. मद्रासचे रोयापुरम स्थानक १८५६ मध्ये उघडले आणि तेथून अर्काटच्या दिशेने गाडी सुटली. मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग पुणे, सोलापूर करीत आग्नेयेकडे सरकत होता. मद्रास रेल्वेचा मार्ग वायव्येकडे येत होता. १८७१ मध्ये हे दोन मार्ग रायचूर येथे एकमेकांस भेटले. मुंबईपासून सुमारे साडेचारशे मैलांवर आणि मद्रासपासून सुमारे साडेतीनशे मैलांवर. दोन गावांहून निघालेले दोघे वाटेत भेटतात, हे पाटीवरचे उदाहरण लोखंडाच्या रुळांनी प्रत्यक्षात उतरविले.

मात्र या भेटीत एक अडचण होती. मुंबईची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे. मद्रासची ५ तास २१ मिनिटे पुढे. मुंबईत सहा वाजलेले असताना मद्रासच्या घड्याळात साडेसहा वाजलेले असत. कलकत्ता मद्रासच्याही अर्धा तास पुढे. प्रत्येक गावाने आपापल्या सूर्याप्रमाणे चालावे आणि गाडीने मात्र सर्वांमधून एकाच वेळापत्रकाने जावे, हे कसे जमणार? तोड निघाली ती अशी की १८७० च्या सुमारास रेल्वेने देशभर 'मद्रास वेळ' पत्करली. मद्रास मुंबई-कलकत्त्याच्या जवळजवळ मध्यावर होते. शिवाय अचूक वेळ ठेवणारी वेधशाळा तेथे होती आणि तारायंत्राने ती वेळ रोज सर्वत्र कळविता येत होती. टॉपिंगच्या स्तंभावरून टिपलेला क्षण आता सोलापूरच्या स्थानकावरचे घड्याळ चालवू लागला.

या दोन घड्याळांमुळे साध्या उदाहरणाचे काय होते, ते करून पाहण्यासारखे आहे. सोयीसाठी मुंबई-मद्रास अंतर ८०० मैल धरू आणि गाडीचा वेग ताशी २५ मैल. खरा प्रवास ३२ तासांचा. पण प्रवाशाने निघताना मुंबईचे घड्याळ पाहिले आणि पोहोचल्यावर मद्रासचे, तर त्याच्या हिशेबाने साडेबत्तीस तास झाले. परतताना त्याच रीतीने साडेएकतीस. त्याला वाटावे की गाडी जाताना रेंगाळते आणि येताना धावते! दोहोंची सरासरी घेतली की पुन्हा ३२ तास मिळतात. जाता-येता तोफा डागून वारा जसा वगळला, तसाच येथे घड्याळांचा फरक वगळला जातो.

आता दोन गाड्यांचे उदाहरण घेऊ. एक गाडी मुंबईहून मुंबईच्या सहा वाजता निघाली, दुसरी मद्रासहून मद्रासच्या सहा वाजता. वेग दोघींचा ताशी २५ मैल. घाईचा विद्यार्थी सांगेल, बरोबर मध्यावर, ४०० मैलांवर भेटतील. परंतु मद्रासची गाडी प्रत्यक्षात अर्धा तास आधी निघालेली आहे. मुंबईची गाडी हलते तेव्हा तिने साडेबारा मैल मागे टाकलेले असतात. उरलेले सातशे साडेसत्त्याऐंशी मैल दोघी मिळून ताशी ५० मैलांनी तोडतात; त्याला पावणेसोळा तास लागतात. भेट होते ती मुंबईपासून तीनशे पावणेचौऱ्याण्णव मैलांवर, म्हणजे मध्यापासून सव्वासहा मैल अलीकडे. एकेरी रुळावर समोरासमोरून गाड्या येत असताना सव्वासहा मैलांची ही चूक केवळ गुण गमावण्यापुरती राहत नाही. एकच वेळ हवी, हा रेल्वेचा आग्रह निव्वळ साहेबी शिस्तीचा नव्हता; त्यामागे माणसांच्या जिवाची काळजी होती.

तरीही वेळ हा केवळ गणिताचा प्रश्न नसतो, हे मुंबईने दाखवून दिले. १८८१ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या सरकारने मुंबई इलाख्यातील सरकारी व्यवहार मद्रास वेळेने चालविण्याचे ठरविले. शहरात असंतोष उसळला. आमच्या डोक्यावर सूर्य आल्यावाचून आमची दुपार कशी होईल, हा लोकांचा सवाल होता. राजाबाई मनोऱ्याच्या घड्याळाने कोणती वेळ दाखवावी, हाही वादाचा विषय झाला. शेवटी १८८३ मध्ये सरकारने तो हुकूम मागे घेतला. गाडी मद्रासच्या वेळेने सुटे आणि गिरगावातला माणूस मुंबईच्या वेळेने जेवे. स्थानकावर जाताना अर्ध्या तासाचा हिशेब मनातल्या मनात करणे, हे त्याच्या अंगवळणी पडले. १९०५ मध्ये रेल्वेने आणि १ जानेवारी १९०६ पासून सरकारने साडेब्याऐंशी अंश रेखांशावरची भारतीय प्रमाणवेळ स्वीकारली. ती ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. मद्रास वेळेहून नऊ मिनिटांनी आणि मुंबई वेळेहून एकोणचाळीस मिनिटांनी पुढे. मद्रासने नऊ मिनिटे सहज सोडली. मुंबईने मात्र पुन्हा हट्ट धरला. परक्या सत्तेने हुकमाने लादलेली वेळ, ही भावना त्यात होतीच. आणि मुंबईत स्थानिक वेळेचा वापर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकून राहिला.

या कहाणीत येथल्या माणसांचा वाटा केवळ साखळी ओढण्याचा नव्हता. मद्रासच्या वेधशाळेला जोडून १७९४ मध्ये मोजणीदार तयार करणारी शाळा निघाली. तिचाच विस्तार होत होत पुढे गिंडीचे अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहिले. त्याच वेधशाळेतील साहाय्यक चिंतामणी रघुनाथाचारी यांनी १८६७ मध्ये आर रेटिक्युली हा रूपविकारी तारा शोधून काढला आणि प्रत्यक्ष वेधांशी जुळणारे पंचांग असावे, यासाठी आयुष्य वेचले. त्याच काळात महाराष्ट्रात केरो लक्ष्मण छत्रे हेच म्हणत होते. पंचांगातले ग्रहण आणि आकाशातले ग्रहण एकाच वेळी लागले पाहिजे, एवढी साधी त्यांची मागणी होती. आणि तीसाठी दोघांनाही रूढीशी झगडावे लागले.

१८९९ मध्ये वेधशाळेचे खगोलीय काम कोडाईकॅनॉलच्या डोंगरावर गेले. नुंगमबाक्कमच्या जागेत आज हवामान केंद्र आहे आणि त्याच्या आवारात तो ग्रॅनाइटचा स्तंभ अजून उभा आहे. माउंटच्या तोफा केव्हाच मुक्या झाल्या. मुंबईहून चेन्नईला जाणारी गाडी रायचुरावरून आजही जाते. पण तेथे घड्याळ मागेपुढे करण्याचा प्रसंग कोणावर येत नाही.

काळ, अंतर आणि वेग यांची उदाहरणे मुले आजही सोडवितात. दोन राशी दिलेल्या, तिसरी काढावयाची. एखाद्या जाणत्या शिक्षकाने सूत्र सांगण्यापूर्वी वर्गाला तीन प्रश्न विचारावेत : हे अंतर कोणी मोजले असेल? वारा कोणीकडून वाहत होता? आणि सकाळी सहा वाजता गाडी निघाली असे म्हटले आहे, ते सहा कोणत्या गावच्या घड्याळातले? या प्रश्नांची उत्तरे शोधीत जो विद्यार्थी पाटीवरून डोळे उचलील, त्याला गणिताची गोडी लावण्यासाठी वेगळा उपदेश करावा लागणार नाही.